एकाच टॉमकॅटवर अनेक संकेतस्थळे: व्हर्च्युअल होस्टिंगची मांडणी

एका महाविद्यालयाची तीन जावा ॲप्लिकेशने आहेत असे समजू: ग्रंथालयाची सूची, प्रवेश अर्जांची नोंदणी आणि शुल्कभरणा. अशा ठिकाणी सुरुवात बहुधा एकाच पद्धतीने होते. पहिले ॲप्लिकेशन टॉमकॅट या जावा ॲप्लिकेशने चालवणाऱ्या सर्व्हरच्या 8080 या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, चालू असते. दुसरे आले की त्याच यंत्रावर दुसरा टॉमकॅट 8081 वर चढवला जातो आणि तिसऱ्याच्या वेळी 8082 वर तिसरा. पत्त्यात पोर्टचा आकडा टंकावा लागतो ही गैरसोय सर्वांच्या लक्षात येते. त्याहून त्रासदायक दोष मात्र उशिरा उमगतो. ब्राउझर कुकी (संकेतस्थळाने ओळखीसाठी दिलेली छोटी नोंद) साठवताना होस्टचे नाव पाहतो, पोर्ट पाहत नाही. तिन्ही ॲप्लिकेशने आपापल्या टॉमकॅटच्या मुळाशी बसलेली असतील, तर तिघांचीही लॉगिन लक्षात ठेवणारी जेसेशनआयडी ही कुकी ब्राउझरच्या दृष्टीने एकच ठरते, त्यामुळे ग्रंथालयात लॉगिन करताच शुल्काच्या पानावरून विद्यार्थी बाहेर फेकला जातो.

यावरचा सरळ उपाय म्हणजे प्रत्येक ॲप्लिकेशनला स्वतःचे नाव देणे आणि ती सर्व नावे एकाच टॉमकॅटने ओळखणे. यालाच नावावर आधारित व्हर्च्युअल होस्टिंग म्हणतात. एचटीटीपी 1.1 या आवृत्तीपासून ब्राउझरने प्रत्येक विनंतीबरोबर ‘होस्ट’ नावाचे हेडर (विनंतीसोबतची माहितीची ओळ) पाठवणे बंधनकारक झाले. 1997 साली त्या आवृत्तीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. आयपी पत्ता एकच असला तरी कोणत्या नावाने हाक मारली गेली आहे हे या हेडरवरून सर्व्हरला कळते. ते नाव ब्राउझरपासून टॉमकॅटच्या आतल्या योग्य होस्टपर्यंत जसेच्या तसे पोहोचले पाहिजे, एवढाच या सगळ्या मांडणीचा गाभा आहे. काही बिघडले तर ‘नाव नेमके कुठे हरवले’ हा प्रश्न आधी विचारावा. उत्तर पुष्कळदा तिथेच सापडते.

पुढील विवेचन टॉमकॅट 9, 10.1 आणि 11 या मालिकांना लागू आहे. फाइलींची, घटकांची आणि गुणधर्मांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन लिपीत, लहान-मोठ्या अक्षरांचा भेद काटेकोरपणे पाळून टंकावी लागतात. उदाहरणातील नावे ‘ग्रंथालय.टेस्ट’, ‘प्रवेश.टेस्ट’ आणि ‘शुल्क.टेस्ट’ अशी धरली आहेत. ‘टेस्ट’ हा प्रत्यय चाचणीसाठीच राखून ठेवलेला असल्याने तो कोणाच्या खऱ्या डोमेनशी धडकत नाही.

हात घालण्यापूर्वी

टॉमकॅटची ‘कॉन्फ’ ही संपूर्ण फोल्डर तारखेसह दुसरीकडे नकलून ठेवावी. सर्व्हर.एक्सएमएल या फाइलीतील एक अवतरणचिन्ह चुकले तरी टॉमकॅट उभा राहत नाही, आणि भर प्रवेशाच्या दिवसांत जुनी प्रत हाताशी नसणे परवडणारे नाही.

त्यानंतर नावांची सोय करावी. खऱ्या डोमेनसाठी डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) तिन्ही नावांच्या ए-नोंदी एकाच आयपी पत्त्याकडे वळवाव्या लागतात. चाचणीसाठी आपल्या संगणकावरील होस्ट्स फाइल पुरते. लिनक्स आणि मॅकवर ती ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये असते, तर विंडोजवर सिस्टिम32 मधील ड्रायव्हर्स आणि त्यातील ईटीसी या फोल्डरमध्ये. तीत एका ओळीवर सर्व्हरचा आयपी पत्ता आणि त्यापुढे जागा सोडून तिन्ही नावे लिहावीत. काम संपल्यावर ही ओळ आठवणीने काढून टाकावी, नाहीतर महिन्याभराने सर्व्हर बदलल्यावर सगळ्यांना संकेतस्थळ दिसते आणि ते उभारणाऱ्यालाच तेवढे दिसत नाही.

टॉमकॅटचे कुळ

सर्व्हर.एक्सएमएल उघडल्यावर एकात एक बसवलेल्या डब्यांसारखी रचना दिसते. सर्वांत बाहेर ‘सर्व्हर’, त्याच्या आत ‘सर्व्हिस’. सर्व्हिसमध्ये एक किंवा अधिक ‘कनेक्टर’ असतात, जे पोर्टवर कान लावून बसतात, आणि एकच ‘इंजिन’ असते, ज्याचे नाव मूळ फाइलीत ‘कॅटलिना’ असे आहे. इंजिनाच्या आत ‘होस्ट’ हे घटक येतात आणि प्रत्येक होस्टच्या आत एकेका ॲप्लिकेशनसाठी ‘कॉन्टेक्स्ट’.

कनेक्टर नावाची निवड करत नाही. तो फक्त विनंती आत घेतो. होस्ट हेडरमधील नाव इंजिनातील होस्टच्या ‘नेम’ या गुणधर्माशी जुळते का हे पाहिले जाते आणि न जुळल्यास विनंती इंजिनाच्या ‘डिफॉल्टहोस्ट’ या गुणधर्मात नमूद केलेल्या होस्टकडे जाते. अनोळखी नावाबद्दल टॉमकॅट तक्रार करत नाही, कोणाच्या तरी दारात त्याला निमूटपणे सोडून देतो. या गप्प बसण्याची किंमत पुढे दिसेलच.

फोल्डरींची आखणी

प्रत्येक होस्टसाठी स्वतंत्र फोल्डर करावी. ‘डेटा’ या मुख्य फोल्डरमध्ये ‘ग्रंथालय’, ‘प्रवेश’ आणि ‘शुल्क’ अशा तीन फोल्डर करून प्रत्येकीत ‘ॲप्स’ नावाची एक उपफोल्डर ठेवावी, ही माझी नेहमीची पद्धत आहे. टॉमकॅट ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याला या फोल्डरींवर वाचण्याचा आणि, वॉर फाइली (जावा ॲप्लिकेशनचा सगळा ऐवज एकत्र बांधलेल्या फाइली) उलगडायच्या असतील तर, लिहिण्याचाही अधिकार हवा. डेबियन किंवा उबुंटूच्या भांडारातून टॉमकॅट बसवला असेल, तर आणखी एक अडथळा आडवा येतो. तेथील सिस्टिमडीची (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेची) सेवा टॉमकॅटला कुंपणात ठेवते आणि ठरावीक फोल्डरींबाहेर लिहू देत नाही. फाइलींचे अधिकार कितीही बरोबर दिले तरी लॉगमध्ये लिहिता न आल्याची त्रुटी येतच राहते आणि माणूस अधिकार तपासत संध्याकाळ घालवतो. अशा वेळी ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ या आज्ञेने सेवेसाठी पूरक फाइल तयार करून तिच्या सर्व्हिस या विभागात ‘रीडराइटपाथ्स’ या नावापुढे आपल्या फोल्डरीचा मार्ग लिहावा आणि सेवा पुन्हा सुरू करावी.

होस्ट लिहिणे

आता इंजिनाच्या आत, आधीपासून असलेल्या ‘लोकलहोस्ट’ या होस्टखाली, नवा होस्ट लिहावा. त्याच्या ‘नेम’ या गुणधर्मात ‘ग्रंथालय.टेस्ट’ हे पूर्ण नाव द्यावे, ‘ॲपबेस’ मध्ये, म्हणजे होस्टची ॲप्लिकेशने ठेवण्याच्या फोल्डरीसाठी, ‘/डेटा/ग्रंथालय/ॲप्स’ हा पूर्ण मार्ग द्यावा, ‘अनपॅकवॉर्स’ (वॉर फाइल उलगडावी का) आणि ‘ऑटोडिप्लॉय’ (नवे ॲप्लिकेशन आपोआप चढवावे का) यांच्या किमती विचारपूर्वक ठरवाव्यात आणि ‘क्रिएटडर्स’ ची किंमत ‘फॉल्स’ ठेवावी. प्रवेश आणि शुल्क यांसाठी याच साच्याचे आणखी दोन होस्ट लिहावेत.

क्रिएटडर्सचा आग्रह का, तर त्याची मूळ किंमत ‘ट्रू’ असते आणि त्यामुळे ॲपबेसच्या मार्गात एखादे अक्षर चुकले, तर टॉमकॅट त्या चुकीच्या नावाची रिकामी फोल्डर स्वतःच तयार करतो आणि आनंदाने सुरू होतो. संकेतस्थळावर मग सर्वत्र 404 (पान सापडले नाही) दिसतो, लॉगमध्ये मात्र त्रुटी नसते. किंमत ‘फॉल्स’ असेल तर ॲपबेस अस्तित्वात नसल्याची स्पष्ट नोंद होते. चूक ओरडून सांगणारी व्यवस्था केव्हाही बरी.

ऑटोडिप्लॉय चालू असेल तर टॉमकॅट साधारण दर 10 सेकंदांनी ॲपबेसमध्ये डोकावतो आणि नवी वॉर फाइल दिसली की चढवतो. विकासाच्या यंत्रावर हे सोयीचे आहे. प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर ते बंद ठेवावे असे माझे मत आहे, कारण मोठी वॉर फाइल नेटवर्कवरून नकलली जात असतानाच टॉमकॅट डोकावला तर अर्धवट फाइल चढवण्याचा प्रयत्न होतो. चालूच ठेवायचे असेल, तर फाइल आधी त्याच डिस्कवरील दुसऱ्या फोल्डरीत पूर्ण उतरवून घ्यावी आणि मग ‘एमव्ही’ ने ॲपबेसमध्ये सरकवावी. एकाच फाइलसिस्टिममधील हे सरकवणे एका झटक्यात होते.

एकाच संकेतस्थळाला अनेक नावे असतील, उदाहरणार्थ पुढे तीन डब्ल्यू असलेले आणि नसलेले, तर त्यांसाठी वेगळे होस्ट लिहू नयेत. होस्टच्या आत ‘अलायस’ हा घटक ठेवून त्यात दुसरे नाव लिहावे. असे कितीही अलायस देता येतात. हे ठासून सांगण्याचे कारण माझ्याच एका चुकीत आहे. एका शिक्षणसंस्थेच्या कामात मी अशा दोन नावांसाठी दोन होस्ट लिहिले आणि दोघांनाही एकच ॲपबेस दिला. दोन्ही पत्त्यांवर पान नीट उघडत होते, म्हणून काम झाले असे समजून मी निघून आलो. प्रत्यक्षात टॉमकॅटने तेच ॲप्लिकेशन दोनदा चढवले होते, प्रत्येक होस्टसाठी एकदा. मेमरी दुप्पट लागत होती हे एक. परंतु रात्री शुल्काची आठवण पाठवणारे काम त्या ॲप्लिकेशनच्या आतच होते आणि तेही दोनदा चालू लागले. प्रत्येक पालकाला दोन-दोन एसएमएस जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी एका पालकांनी कार्यालयात फोन करून ‘शुल्क दोनदा भरायचे आहे का’ असे विचारले, तेव्हा कुठे ते उघडकीस आले. लॉगमध्ये या दुहेरी चढवण्याची नोंद पहिल्या दिवसापासून होती, मी वाचली नव्हती.

एखाद्या डोमेनखालील सर्वच उपनावे एका होस्टकडे न्यायची असतील, तर नावाच्या जागी तारकाचिन्ह, टिंब आणि मूळ डोमेन असे लिहिता येते. नेमके जुळणारे नाव दुसऱ्या होस्टला दिलेले असेल तर तेच आधी निवडले जाते. तारकाचिन्ह फक्त सुरुवातीला चालते, मधे नाही.

मुळाशी बसणारे ॲप्लिकेशन

‘ग्रंथालय.टेस्ट’ एवढेच टंकल्यावर सूची उघडावी अशी अपेक्षा असते, पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन आणखी काही लिहावे लागू नये. त्यासाठी वॉर फाइलीचे नाव ‘रूट.वॉर’ असावे, आणि ‘रूट’ ही चारही रोमन अक्षरे मोठी असावीत. लहान अक्षरांत लिहिले तर ते ‘रूट’ नावाचे साधे ॲप्लिकेशन ठरते आणि मुळाशी 404 मिळतो.

वॉर फाइल ॲपबेसमध्ये टाकणे हा एक मार्ग झाला. दुसरा, आणि माझ्या मते अधिक नीटनेटका मार्ग म्हणजे कॉन्टेक्स्टची स्वतंत्र फाइल लिहिणे. ‘कॉन्फ’ मध्ये ‘कॅटलिना’ ही फोल्डर असते. तिच्यात होस्टच्या नावाची फोल्डर आणि तिच्यात ‘रूट.एक्सएमएल’ ही फाइल ठेवावी. येथेही रूटची अक्षरे मोठीच. फाइलीत कॉन्टेक्स्ट हा एकच घटक असतो आणि त्याच्या ‘डॉकबेस’ या गुणधर्मात ॲप्लिकेशनचा मार्ग देतात. डेटाबेसच्या जोडणीचा तपशील याच घटकात ठेवला की वॉर फाइल चाचणीच्या आणि खऱ्या सर्व्हरवर जशीच्या तशी वापरता येते. पत्ता फाइलीच्या नावावरूनच ठरतो, म्हणून या फाइलीत ‘पाथ’ हा गुणधर्म लिहू नये.

येथे बहुतेकांचा पाय घसरतो, म्हणून जरा थांबून सांगतो. डॉकबेस हा ॲपबेसच्या आत असता कामा नये. ‘/डेटा/ग्रंथालय/ॲप्स’ हा ॲपबेस असेल, तर डॉकबेससाठी ‘/डेटा/ग्रंथालय/सूची.वॉर’ असा त्याच्या बाहेरचा मार्ग घ्यावा. कॉन्टेक्स्टच्या फाइलीत आतला मार्ग दिल्यास टॉमकॅट इशारा देऊन त्या डॉकबेसकडे दुर्लक्ष करतो. कॉन्टेक्स्ट थेट सर्व्हर.एक्सएमएलमध्ये लिहून आतला मार्ग दिला, तर तेच ॲप्लिकेशन एकदा फोल्डरीच्या नावाने आणि एकदा मुळाशी असे दोनदा चढते. पालकांचे एसएमएस आठवावेत. सर्व्हर.एक्सएमएलमध्ये कॉन्टेक्स्ट लिहिण्याचा आणखी एक तोटा असा की तेथील प्रत्येक बदलासाठी संपूर्ण टॉमकॅट, म्हणजे तिन्ही संकेतस्थळे, बंद करून सुरू करावी लागतात. ॲपबेस रिकामा ठेवून तो टॉमकॅटच्या मुख्य फोल्डरीवर रोखणे हाही प्रकार मी पाहिला आहे; तसे केल्यास ‘कॉन्फ’ आणि ‘लॉग्ज’ याच फोल्डरी ॲप्लिकेशन म्हणून चढतात आणि त्यांतील फाइली जगासमोर उघड्या पडू शकतात.

अनोळखी नावाचे काय करायचे

डिफॉल्टहोस्ट या गुणधर्मात ‘लोकलहोस्ट’ हे मूळ मूल्य असते. सवयीने किंवा घाईने तेथे ‘प्रवेश.टेस्ट’ लिहिले जाते, कारण तसे केल्यावर आयपी पत्ता टंकूनही प्रवेशाचे पान दिसते आणि चाचणी सोपी वाटते. असे करू नये.

ॲप्लिकेशने पासवर्ड बदलण्याचा दुवा ईमेलने पाठवतात आणि तो दुवा पुष्कळदा आलेल्या होस्ट हेडरवरूनच तयार करतात. डिफॉल्ट होस्टवर खरे ॲप्लिकेशन असेल, तर हल्लेखोर आपल्या डोमेनचे नाव होस्ट हेडरमध्ये घालून एखाद्या विद्यार्थ्याच्या नावे पासवर्ड बदलण्याची विनंती करू शकतो. ईमेल महाविद्यालयाच्या सर्व्हरवरूनच जाते, मजकूरही खराच असतो, दुव्यातील डोमेन मात्र हल्लेखोराचे असते. विद्यार्थ्याने त्यावर टिचकी मारली की पासवर्ड बदलू देणारे दुव्यातील गुप्त चिन्ह (टोकन) हल्लेखोराच्या हाती. याशिवाय इंटरनेटवर आयपी पत्ते क्रमाने चाचपणारे स्वयंचलित कार्यक्रम अहोरात्र फिरत असतात; तेही याच दारातून आत येतात.

म्हणून डिफॉल्टहोस्टमध्ये रिकाम्या होस्टचे नाव द्यावे. त्याच्या ॲपबेसमध्ये एकही ॲप्लिकेशन नसेल तर अनोळखी नावाला साधा 404 मिळतो, आणि तेच योग्य उत्तर आहे. मूळचा लोकलहोस्ट यासाठी वापरायचा असेल, तर ‘वेबॲप्स’ मधील उदाहरणे आणि दस्तऐवज आधी काढून टाकावेत. व्यवस्थापनाचे ‘मॅनेजर’ ॲप्लिकेशन हवे असल्यास ते हव्या त्या होस्टपुरते, आणि ठरावीक आयपी पत्त्यांपुरतेच ठेवावे. डिफॉल्टहोस्टमध्ये लिहिलेल्या नावाचा होस्ट प्रत्यक्षात असलाच पाहिजे. 404 च्या पानावर टॉमकॅटची आवृत्ती छापली जाते. ती नको असेल तर प्रत्येक होस्टमध्ये ‘एररिपोर्टव्हॉल्व्ह’ हा व्हॉल्व्ह (विनंतीच्या वाटेवर बसवलेला घटक) घालून त्याचे ‘शोसर्व्हरइन्फो’ आणि ‘शोरिपोर्ट’ हे दोन्ही गुणधर्म ‘फॉल्स’ करावेत.

सुरू करणे आणि तपासणे

चालू टॉमकॅट बंद करण्यापूर्वी कॅटलिना.एसएच या फाइलीला ‘कॉन्फिगटेस्ट’ हा शब्द देऊन चालवावे. सर्व्हर.एक्सएमएल वाचता येते की नाही हे त्यातून कळते. मग टॉमकॅट पुन्हा सुरू करावा आणि कॅटलिनाचा लॉग वाचावा, केवळ चाळू नये. प्रत्येक ॲप्लिकेशन चढवल्याची नोंद एकदाच आली आहे ना, हे मोजून पाहावे.

नावाची चाचणी ब्राउझरने करण्यापेक्षा ‘कर्ल’ या आज्ञेने करावी, कारण ब्राउझर जुनी पाने आणि जुने डीएनएस लक्षात ठेवून फसवतो. सर्व्हरवरच बसून, मोठ्या एच या पर्यायाने ‘होस्ट: ग्रंथालय.टेस्ट’ हे हेडर देत 127.0.0.1 च्या 8080 पोर्टवर विनंती पाठवावी. तिन्ही नावांसाठी तिन्ही वेगळी पाने यावीत. त्यानंतर ‘अमुकतमुक.टेस्ट’ अशा मुद्दाम चुकीच्या नावाने आणि शेवटी नुसत्या आयपी पत्त्याने विनंती पाठवावी. दोन्ही वेळा 404 यावा. बरोबर नावे बरोबर चालतात एवढ्यावर थांबणारी तपासणी अर्धीच असते, कारण डिफॉल्ट होस्टवर जाणारी चूकही वरवर ‘चालते’ अशीच दिसते.

प्रत्येक होस्टच्या नोंदी वेगळ्या ठेवण्यासाठी होस्टच्या आत ‘ॲक्सेसलॉगव्हॉल्व्ह’ घालून त्याच्या ‘प्रीफिक्स’ मध्ये होस्टचे नाव द्यावे. सर्वांचा एकच लॉग ठेवायचा असेल तर हाच व्हॉल्व्ह इंजिनात ठेवून नमुन्यात टक्केचिन्ह आणि लहान व्ही ही जोडी घालावी. त्या जागी होस्टचे नाव उमटते.

पुढे रिव्हर्स प्रॉक्सी असताना

1024 च्या खालील पोर्ट लिनक्सवर सामान्य वापरकर्त्याला मिळत नाहीत आणि टॉमकॅट रूट वापरकर्त्याच्या अधिकाराने चालवणे हे घराच्या किल्ल्या दारावर टांगण्यासारखे आहे. म्हणून 80 आणि 443 या पोर्टवर इंजिनएक्स किंवा अपाची एचटीटीपीडी हा वेब सर्व्हर रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून ठेवून त्याने विनंत्या आत 8080 कडे पाठवाव्यात, ही रूढ मांडणी आहे. टॉमकॅटच्या कनेक्टरला ‘ॲड्रेस’ या गुणधर्मात 127.0.0.1 द्यावे, म्हणजे बाहेरून 8080 वर थेट येता येणार नाही.

नाव हरवण्याची सर्वांत मोठी शक्यता याच टप्प्यावर असते. इंजिनएक्स विनंती पुढे पाठवताना मूळ होस्ट हेडर टाकून देतो आणि त्याजागी ‘प्रॉक्सी पास’ मध्ये लिहिलेला पत्ता घालतो. टॉमकॅटला मग तिन्ही संकेतस्थळांसाठी ‘127.0.0.1’ हेच नाव दिसते आणि सगळे डिफॉल्ट होस्टवर आदळतात. उपाय एका ओळीचा आहे: ‘प्रॉक्सी सेट हेडर’ या निर्देशाने होस्ट हे हेडर ‘डॉलर होस्ट’ या चलाच्या किमतीवर बसवावे. अपाचीमध्ये हेच काम ‘प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट’ हा निर्देश ‘ऑन’ करून होते. तो मुळात बंद असतो. इंजिनएक्सच्या अपस्ट्रीमला (विनंत्या ज्याच्याकडे पाठवायच्या त्या आतल्या सर्व्हरला) अधोरेषा असलेले नाव दिले असेल आणि ही ओळ विसरली असेल, तर टॉमकॅटच्या काही आवृत्त्या ते नाव अवैध ठरवून थेट 400 (चुकीची विनंती) देतात. त्यामुळे अपस्ट्रीमच्या नावात अधोरेषा वापरूच नये.

एक्स-फॉरवर्डेड-होस्ट या हेडरवर भिस्त ठेवून वरील ओळ टाळता येईल असे काहींना वाटते. तसे होत नाही. ते हेडर वाचणारा ‘रिमोटआयपीव्हॉल्व्ह’ इंजिनात पोहोचल्यावर कामाला लागतो आणि होस्टची निवड त्याआधीच झालेली असते. ॲप्लिकेशनला नाव बरोबर दिसेल, पण ॲप्लिकेशनच चुकीचे असेल.

रिमोटआयपीव्हॉल्व्ह मात्र दुसऱ्या कारणांसाठी हवाच. तो नसेल तर ॲप्लिकेशनला प्रत्येक पाहुणा 127.0.0.1 वरून आल्यासारखा दिसतो आणि बाहेर एचटीटीपीएस असूनही आत साधे एचटीटीपी वाटते, त्यामुळे लॉगिननंतरचे पुनर्निर्देशन असुरक्षित पत्त्यावर जाते. प्रॉक्सीने एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो ही हेडरे पाठवावीत, आणि हा व्हॉल्व्ह इंजिनात एकदाच ठेवून त्याच्या ‘रिमोटआयपीहेडर’ आणि ‘प्रोटोकॉलहेडर’ या गुणधर्मांत त्यांची नावे द्यावीत. लॉगमध्येही खरा आयपी यावा म्हणून ॲक्सेसलॉगव्हॉल्व्हचा ‘रिक्वेस्टॲट्रिब्यूट्सएनेबल्ड’ हा गुणधर्म ‘ट्रू’ करावा.

रेड हॅटच्या कुळातील लिनक्सवर सगळे बरोबर असूनही 502 (प्रॉक्सीला आतून उत्तर न मिळाल्याची त्रुटी) येत असेल, तर एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेने प्रॉक्सीला आतल्या पोर्टशी जोडू दिलेले नसते. त्यासाठी ‘एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट’ हे बुलियन चालू करावे लागते.

प्रॉक्सी न ठेवता टॉमकॅटनेच एचटीटीपीएस सांभाळायचे असेल, तर 8.5 या आवृत्तीपासून तेही शक्य आहे. एकाच कनेक्टरमध्ये प्रत्येक नावासाठी ‘एसएसएलहोस्टकॉन्फिग’ हा घटक ठेवून त्यात त्या नावाचे सर्टिफिकेट द्यावे. ब्राउझर जोडणीच्या सुरुवातीलाच नाव सांगतो आणि टॉमकॅट त्यानुसार सर्टिफिकेट निवडतो. कनेक्टरच्या ‘डिफॉल्टएसएसएलहोस्टकॉन्फिगनेम’ मध्ये यांपैकी एक नाव द्यावेच लागते, नाहीतर कनेक्टर सुरू होत नाही. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची नेहमीची सर्टिफिकेटे 90 दिवसांची असल्याने नूतनीकरणाची व्यवस्था स्वयंचलित असावी. ती प्रॉक्सीवर अधिक सोपी पडते, म्हणून मी तीच वाट सुचवतो.

देवनागरी डोमेन असेल तर

‘.भारत’ हे देवनागरी डोमेन 2014 पासून उपलब्ध आहे आणि मराठी नावाने संकेतस्थळ घ्यावे असे आता अनेक संस्थांना वाटते. अशा नावाचा होस्ट लिहिताना सर्व्हर.एक्सएमएलमध्ये देवनागरी अक्षरे टंकली तर नाव कधीच जुळत नाही. ब्राउझर पत्त्याच्या पट्टीत देवनागरी दाखवत असला तरी होस्ट हेडरमध्ये तो नावाचे प्युनीकोड, म्हणजे रोमन अक्षरांत बदललेले, रूप पाठवतो. या रूपात प्रत्येक देवनागरी भागाची सुरुवात ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेषांनी होते. ‘भारत’ चे रूप ‘एक्सएन--एच2बीआरजे9सी’ असे आहे. होस्टचे नेम, अलायस, कॅटलिना फोल्डरीतील होस्टच्या नावाची फोल्डर, प्रॉक्सीतील सर्व्हरचे नाव आणि सर्टिफिकेटची मागणी, या सर्व ठिकाणी हेच रोमन रूप वापरावे. ते हाताने काढू नये. डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलवर ते मिळते. मराठी नावात ऱ्हस्व-दीर्घाचा किंवा अनुस्वाराचा फरक असेल तर रूपही पूर्ण बदलते, त्यामुळे ‘शुल्क’ आणि ‘शूल्क’ ही संगणकाच्या लेखी दोन अनोळखी डोमेने आहेत.

बिऱ्हाडे वेगळी, विहीर एक

व्हर्च्युअल होस्ट नावे वेगळी करतात, साधने वेगळी करत नाहीत. तिन्ही ॲप्लिकेशने एकाच जावा प्रक्रियेत राहतात, मेमरी एकच वापरतात, आणि एकाच कनेक्टरचे धागे (एका वेळी एकेक विनंती हाताळणारे थ्रेड) वाटून घेतात. या धाग्यांची मूळ कमाल संख्या 200 आहे. शुल्काच्या ॲप्लिकेशनला बँकेकडून उत्तर येण्यास 30 सेकंद लागू लागले आणि तेवढ्यात 200 विद्यार्थी थांबून राहिले, तर ग्रंथालयाची सूचीही अडकते, जरी तिचा बँकेशी काडीचा संबंध नसला. एका ॲप्लिकेशनने मेमरी संपवली तर तिघेही कोसळतात.

म्हणून प्रवेश किंवा शुल्कासारखे काम, जे वर्षातील थोडे दिवस प्रचंड ताण सोसते आणि बंद पडलेले कोणालाच परवडत नाही, ते स्वतंत्र टॉमकॅटवर ठेवावे. त्यासाठी टॉमकॅट पुन्हा बसवावा लागत नाही. ‘कॅटलिना होम’ हे चल एकाच मूळ प्रतीकडे ठेवून ‘कॅटलिना बेस’ साठी नवी फोल्डर करावी, तिच्यात बिन, कॉन्फ, लॉग्ज, टेम्प, वर्क आणि वेबॲप्स एवढ्या फोल्डरी ठेवाव्यात, आणि सर्व्हर.एक्सएमएलमधील कनेक्टरचा पोर्ट व बंद करण्याचा 8005 हा पोर्ट बदलावा. मेमरीची मर्यादा त्या बेसच्या ‘बिन’ मधील सेटएनव्ही.एसएच या फाइलीत द्यावी. प्रॉक्सीमध्ये शुल्काच्या नावापुढचा पोर्ट तेवढा बदलला की बाहेरच्यांना काहीच कळत नाही: पत्ता तोच राहतो आणि, तिघांची नावे आता वेगळी असल्यामुळे, कुकीही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. हलवल्यानंतर जुन्या टॉमकॅटमधील शुल्काचा होस्ट आणि त्याची कॅटलिना फोल्डरीतील कॉन्टेक्स्टची फाइल काढून टाकावी, नाहीतर रात्रीचे ते काम पुन्हा दोन ठिकाणांहून चालू राहील.